वसंताला दिलेला नारळ

चाळीसेक वर्षं झाली असतील, पण तो नारळ मला अजून दिसतो. माझा वसंता घरात गरीब गाय, मासळीच्या टेम्पोत बसला की वेगळाच माणूस. नारळी पौर्णिमेसाठी नारळ घेऊन आम्ही पालीहून येत होतो. एका जीपने त्याला मागे टाकलं, तर हा सुसाट तिच्या मागे! वळणावर एक म्हातारा घाबरून सायकलसकट गटारात पडला, तेव्हा कुठे टेम्पो थांबला. वसंता उतरून त्याच्यावरच ओरडला, "डोळे फुटले काय रे?"

मी उतरले आणि नारळ वसंताच्या पायाशी ठेवला.

"आये, हे काय?"

"खवळलेल्या दर्याला देतो ना आपण? घे बाबा, शांत हो."

त्याची मान खाली गेली. म्हाताऱ्याला त्यानेच उचलून टेम्पोत बसवलं.

दर्यासाठी मी दुसरा नारळ घेतला. पहिला वसंताने टेम्पोतच ठेवला, समोर दिसेल असा.