विहिरीवरची सुलटी पाटी

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब, व्यासपीठावर बसलेले विहीर शुद्धीकरण समितीचे सभासद, आज ज्यांच्यासाठी हा हार आणला ते तात्या, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, दत्तमहाराजांचं स्मरण करून उभी राहिले आहे.

तात्या शाळेतून निवृत्त होऊन नृसिंहवाडीला राहायला निघाले आहेत. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत त्यांनीच ही समिती काढली. शास्त्र शिकवणारे ते, इंजिनं दुरुस्त करणारे बाळासो आणि दवाखान्यातले कंपाउंडर कृष्णात. पदरमोड करून तिघं पहाटे विहिरीत लाल औषध टाकत. टाकलं की 'आज औषध टाकले आहे' ही पाटी सुलटी, तिन्हीसांजेला उलटी. त्या वर्षी आपल्या गल्लीतून एकही तिरडी निघाली नाही. हे उपकार कोण विसरेल?

पुढे बैठका वाढल्या. औषध हातानं टाकावं की टाकी बसवावी, यावर दोन वर्षं चर्चा, आणि चहा आमच्या घरचा. पाटी मात्र रोज सुलटी दिसायची. कोळसा वाचतो म्हणून घरोघरी पाणी उकळणं बंद झालं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या जुलेखाबी विषमज्वरानं आडव्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर गेले. तिथली झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई चौथरा धुऊन पाटीला कुंकू लावत होत्या.

"पाटी कोण फिरवतं हो?"

"मीच की वैनी. वाऱ्यानं उलटी हुती. उलटी बरी दिसत न्हाय, म्हणून सुलटी करतो."

"आणि औषध?"

"ते समिती बघती नव्हं?"

माझ्या हातातली घागर तिथंच राहिली. बाळासोंना विचारलं, तर त्यांना वाटत होतं कृष्णात जातो. कृष्णातांना वाटत होतं बाळासो जातात. शेवटी तात्या म्हणाले, "बाई, दसऱ्यापासून कुणीच गेलेलं नाही."

गुरुवारी माझी लेक श्यामला पहिल्या बाळंतपणाला येते आहे. दारात तिच्या हाती कसल्या पाण्याचा तांब्या देऊ?

बाळासो म्हणतात, "असू द्या की वैनी, समिती काय खायला मागती?" मागत नाही, खरं आहे. पण ती नसती तर जुलेखाबींनी पाणी उकळलं असतं. या तिघांवर माझा राग नाही. त्यांना पोटापाण्याचे धंदे आहेत, माणसं थकली. समिती कधी मोडायची हे मला विचाराल, तर तिच्या भरवशावर आपण आपलं काम सोडलं आणि तिनंही तिचं सोडलं, की त्याच दिवशी.

म्हणून अध्यक्षांना विनंती, तात्यांबरोबर समितीलाही आज निरोप द्यावा. पाटी मी काढून आणली आहे, इथं खुर्चीखाली आहे. तात्या, हाराबरोबर ती घेऊन जा. उद्या पहाटे विहिरीवर काहीच लिहिलेलं नसेल. घागर भरताना तुम्हालाही पाण्याची शंका येईल. येऊ द्या, आणि घरी गेल्यावर चूल पेटवा.

शुभप्रसंगी अधिकउणं बोलले असेन, ते पोटात घाला. ऐकून घेतलंत, आभारी आहे. बाहेर सरबत ठेवलं आहे. पाणी मी स्वतः उकळलंय, त्यामुळे ते कोमट लागेल. तेवढंही गोड मानून घ्या.