आतून कडी

विशेष मुलांच्या शाळेबाहेर बाकावर दोघी आया बसल्या होत्या.

"तुझ्या लेकीच्या केसांत आज साबण तसाच दिसला गं."

"असू दे. आज तिची तिने आंघोळ केलीय."

"काय सांगतेस?"

"चौदा वर्षं मीच घालत आले. माझ्यामागे हिला कोण घालणार, या धास्तीने झोप उडाली होती. आज तिने मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली."

"आणि तू बरी गप्प राहिलीस?"

"दाराला कान लावून उभी होते. आत पाण्याची धार, आणि धारेवर बाईसाहेबांचं गाणं."

"हाक तरी मारायचीस."

"मारली ना. म्हणते, 'थांब आई, मी कामात आहे.'"

"मग?"

"मग थांबले की. मला आता कुठलं आलंय काम."