फाट्यावरचा टँकर

(वैशाखातली दुपार. लातूर जिल्हा नवा झालेला, दुष्काळ जुनाच. डावीकडे एक गाव, उजवीकडे दुसरं, अशा फाट्यावर भरलेला टँकर उभा. केबिनमध्ये टंचाईच्या कामावरचा कारकून श्रीमंत आणि ड्रायव्हर नागप्पा.)

नागप्पा : दोन्ही गावांला पाणी पोचलं, असं तुम्ही मघा पोस्टातनं कचेरीला फोनवर सांगितलं, साहेब.

श्रीमंत : तो फोन झालाच नाही असं समज.

नागप्पा : समजलो. मंग आता डावीकडं का उजवीकडं?

श्रीमंत : थांब जरा.

नागप्पा : थांबलोच हाय. इंजिन चालू ठेवू का बंद करू?

श्रीमंत : तेही मलाच विचार.

नागप्पा : बंद केलं. दुसरा टँकर कुठं गेला?

श्रीमंत : सभेच्या मंडपाला. नव्या जिल्ह्यात पुढारी यायलेत. धूळ बसवायची आहे.

नागप्पा : मंग ह्यातलंच निम्मं निम्मं करू.

श्रीमंत : कोरड्या विहिरीत निम्मं ओतलं तर गाळच पिऊन टाकतो. घागर बुडत नाही. करून बघितलंय.

नागप्पा : मंग डावीकडं घेतो. तुमचं गाव हाय, म्हातारी आई एकटी हाय.

श्रीमंत : म्हणूनच जमत नाही. परवा तिकडं नेलं तर उजवीकडचे म्हणाले, आईसाठी नेलं.

नागप्पा : मंग उजवीकडं.

श्रीमंत : काल तिकडंच दिलं. संध्याकाळी आईकडं गेलो. काही बोलली नाही. तांब्या उपडा करून दाखवला.

नागप्पा : बोलली असती तर बरं झालं असतं.

श्रीमंत : महिनाभर ठरवतच राहिलोय, नागप्पा. चारा कुणाला द्यायचा, मजुरांनी खडी फोडायची का नाला खोदायचा, मेलेली जनावरं कुठं टाकायची. सगळं ठरवलं. आज सकाळी बायकोनं, पंचशीलानं विचारलं, डब्यात बेसन देऊ का चटणी. रडलो मी.

नागप्पा : चटणी तिखट असती लई.

श्रीमंत : अजून खाल्ली नव्हती.

नागप्पा : साहेब, एक सांगायचं राहिलं. टाकीचा खालचा वॉल गळायलाय.

श्रीमंत : कधीपासून?

नागप्पा : आपण थांबलो तवापासून.

श्रीमंत : मग सांगितलं का नाही?

नागप्पा : तुमच्यापुढं अजून एक सवाल ठेवावा वाटलं न्हाई.

श्रीमंत : उतर, आवळ तो.

नागप्पा : खाली म्हातारी बसलीय घागर लावून. उठवू का?

सरजाबाई : कोण, केवळाबाईचा श्रीमंत का रे? मी सरजाबाई. उतरू नको लेकरा, बस वरीच.

श्रीमंत : कोणत्या गावची, मावशी?

सरजाबाई : मी उजवीकडली. माझ्या मागं जगदेवी हाय, ती तुझ्या गावची. अजून बाया यायल्यात, दोन्हीकडून.

श्रीमंत : रांग कुणी लावली?

सरजाबाई : आली तशी लागली. तू सावकाश ठरव. तंवर आमचं भरतंय.

नागप्पा : निम्म्याच्या खाली गेलं, साहेब. आता कुठंबी नेलं तरी गाळच पिणार.

श्रीमंत : मग सोड. वॉल सगळा सोडून दे.

नागप्पा : हे ठरवून सांगायलात का?

श्रीमंत : नाही. ठरवायला काही उरलं नाही म्हणून सांगतोय.

नागप्पा : सोडला. म्हणजे फोनवरचं खरं झालं की. दोन्ही गावांला पाणी पोचलं.

श्रीमंत : मावशी, रांगेत माझी आई दिसती का?

सरजाबाई : ती कशी येईल बाबा? उंबऱ्याबाहेर पाय निघत न्हाई तिचा. ज्यांचे पाय चालतेत त्या आल्यात.

श्रीमंत : जगदेवीला म्हणावं, एक घागर आईकडं टाक.

सरजाबाई : जगदेवीच्या घरात लई तोंडं हायती. तिला विचारू नको. विचारलं की तिला ठरवावं लागंल.

श्रीमंत : बरं, नाही विचारत.

नागप्पा : टँकर रिता झाला, साहेब. बाया गेल्या.

श्रीमंत : थेंबभरही नाही?

नागप्पा : माझ्या सीटखाली एक डबा हाय. चांगलं पाणी हाय, पिण्यासारखं. रेडिएटरसाठी ठेवलंय. ते आईला नेलं तर गाडी हितंच बसती, उद्याचा टँकर कुणालाच न्हाई. गाडीत घातलं तर आई तशीच तहानलेली. बोला.

श्रीमंत : कागद आहे का तुझ्याजवळ?

नागप्पा : बिडीच्या बंडलाचा हाय.

श्रीमंत : चालतो. घे लिहून. माननीय जिल्हाधिकारी साहेब यांच्या सेवेशी. सदर फाट्यावर दोन रस्ते असल्याने शासकीय कामकाजात अडथळा येत आहे. सबब, त्यातील एक रस्ता कायमचा बंद करण्यात यावा.

नागप्पा : कोणता म्हणून लिवू?

श्रीमंत : कोणता, ते आपल्या स्तरावर ठरविण्यात यावे, ही नम्र विनंती.