नागेशचा डावा हात

आमी मूळचे दिंद्रुडकडचे. वडील चौसाळ्याला आले, हायवेच्या कडंला गूळ-शेंगदाने इकायला बसले, त्याचंच पुढं किराना दुकान झालं, आन् त्या दुकानात मी म्हातारा झालो. आमी लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याबिगर तोंडात पानी घ्यायचं न्हाई. वडील तापानं फनफनले तरी पूजा चुकली न्हाई त्यांची. तसाच मी. हट्टी म्हना, काय बी म्हना.

पोरगा एकच, नागेश. पुन्याला कंप्युटर शिकला, आन् तवा कंप्युटरवाल्या पोरांची लाट आलती, त्यात अमेरिकेला गेला. दुकानात मी एस्टीडीचा फोन घेतलता, पिवळा डबा, सारं गाव यायचं बोलायला. एकदा त्याचा फोन आला, अप्पा, बर्फावर घसरलो, डाव्या खांद्यातली शीर तुटली, ऑपरेशन लागतंय. म्हनलं, मग कर की. तर म्हनला, नोकरी बदलतोय, मधी इमा न्हाई, हितलं बिल झेपत न्हाई, तिकडंच येतो. मला हसूच आलं. लोकं बरं व्हायला अमेरिकेला जात्यात, आन् आमचं पोरगं अमेरिकेहून पुन्याला आलं. इमानाचं तिकीट धरून बी सस्तात पडलं म्हना.

ऑपरेशन बेस झालं. डॉक्टर मला म्हनला, काका, हाडाला मांस बांधनारी दोरी असती, ती शिवलीय. सहा हप्ते हात झोळीत. त्याच्या ताकदीनं त्यानं हात उचलायचा न्हाई. दोनदा सांगितलं, मी दोनदा मान हालवली. पुढं नवी नोकरी त्याची वाट बघत व्हती, हात नीट झाला तर.

चौसाळ्याला आनला. दुसऱ्या दिवशी बघतो तर बिनपूजेचा च्या पितोय. काय सांगू तुमाला, डोकंच फिरलं माझं. कावून रे, पूजा? आमच्यात लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात नजरंसमोर धरायचा, उजव्या हातानं इभूत लावायची, बेल वाहायचा. त्याची माय म्हनली, अवो, हात बांधलाय त्याचा, तुमच्या तळहातावर घ्या की त्याचं लिंग. म्हनलं, माझ्या हातावर माझा देव, त्याच्या हातावर त्याचा. पाच मिन्टानं काय व्हतंय? झोळी मीच सोडली, ह्या हातानं. पोराला घाम फुटला, पन पूजा हुईस्तोर हात खाली घेतला न्हाई. असं चार दिवस. पाचव्या दिवशी हात एकदम खाली आला, लिंग घरंगळलं. मी लिंग झेललं. पोराचा हात न्हाई झेलला.

परत पुन्याला नेला. डॉक्टर तापला, कोनी उचलायला लावला हात? मी तिथंच उभा. नागेश म्हनला, झोपंत गेला वर, मलाच कळलं न्हाई. परत शिवलं, पन पहिल्यासारखं जमलं न्हाई. ती नोकरी गेली. वर्साभरानं दुसरी लागली, कमी पगाराची. आमच्या महाराजांना सांगितलं तर म्हनले, अप्पा, मनात केली तरी पूजा पोचती, तुमाला कोनी सांगितलं व्हतं एवढं? कोनीच न्हाई. मीच मला सांगितलं व्हतं.

औंदा दिवाळीला आलता, बायको-लेकीला घिऊन. आंघुळीच्या आधी बघितलं, सदऱ्याची डावी बाही निघंना त्याची, बायको काढून देत व्हती. मी दारात. वाटलं, आता बोलावं, चुकलं माझं, लेकरा. त्यानं मला बघितलं आन् हसला, थंडीनं आखडलाय अप्पा, म्हनला. आन् मी, काय सांगू, मी म्हनलं, हां, थंडी लई हाय औंदा.

तुमी हे सारं लिवून घेताव, तर माझं नाव घालून लिवा. तो वाचंल कवातरी. शिव त्याचं भलं करो.