भीती न वाटणारी पोरं

घर्र, घर्र, टिंग! हिशेबाच्या यंत्राचा तो आवाज आठवला की अजून डोळे मिटतात बघा. दुष्काळाचं वर्ष. श्रीरामपूरच्या एका वसतिगृहात मी आचारी होतो. पुण्याच्या एक बाई व्हरांड्यात बसून यंत्राची मूठ फिरवायच्या. जास्त अभ्यास करणाऱ्या मुलांना परीक्षेची भीती कमी वाटते का, हे त्यांना आकड्यांनी तपासायचं होतं. त्यावरच त्यांची पदवी अडली होती. आमटी रटरटायची, यंत्र घरघरायचं, मला बसल्याबसल्या डुलकी लागायची.

अभ्यासाचे तास मोजून झाले. बाईंनी मुलांनी भरून दिलेले भीतीच्या प्रश्नांचे कागद उघडले आणि आवाज थांबला, तशी मला जाग आली.

"मामा, सगळ्यांनीच 'भीती वाटत नाही' लिहिलंय. आता तुलना कशाची करू?"

पाणी प्यायला आलेल्या, वसतिगृहातल्याच बबनला मी विचारलं, "खरं का रे?"

"भ्या वाटतं म्हनलं तर घरी धाडतील ना, मामा. घरी खायला काय हाय?"

बाई हसल्या नाहीत. "कुणी नाही धाडत रे. मला तर माझ्या सरांची फार भीती वाटते."

बबननं गठ्ठ्यातून आपला कागद काढला, 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, बाईंच्या हातात दिला आणि निघून गेला.