कोंबाचा नारळ

हॅलो?… कोण?… व्हय, मी नूतनच बोलते, नागाववरनं. आपण कोण?… अवो! तुम्ही हाय? मग हा नंबर कुणाचा?… कोण हितेश?… बरं बरं, विमानात शेजारी बसलेले. आन् तुमच्या फोनला काय धाड भरली?… चार्जिंग संपलं. आपला रितेश निघताना सांगत नव्हता का, फोन लावून ठेवा म्हणून?… बरं, न्हाय बोलत. कुठवर आलात? रेवसची लाँच मिळाली?

अजून विमानतळावरच?

बॅग बाजूला काढली? कुणी?… कस्टमवाल्यांनी? का वो, काय हाय त्या बॅगेत? सूनबाईनं दिलेला डबा आन् तुमचे सदरे… ती न्हाय? मग कुठली?… अरे देवा. नारळाची?

थांबा, बसते मी. बोला तुम्ही, ऐकते… मशीनमधनं जाताना दिसला. कोंबासकट दिसला?… तरी मी म्हटलं होतं, हातातल्या पिशवीत घ्या, पोटाशी धरून आणा… व्हय, मीच म्हटलं बॅगेत घाला, बरं! आता माझ्यावर ओरडून काय होणार हाय?

कुणी काही विचारलं का अजून?… रांगेत हाय. मग वेळ हाय. ऐका माझं. बॅगेतनं काढा आन् जाकिटाच्या आत… अवो हळू कशाला बोलू, इथं घरात मी एकटीच हाय… दिसंल? कोंब हातभर झालाय? बरं मग असं करा, खायला आणलाय म्हणून सांगा. कोंबाच्या नारळातला गोळा आपण खातोच की… मुळं दिसतात? मुळं पण सुटलीत? मग देवाचा म्हणा. कलशावरचा हाय म्हणा, लेकाच्या घरभरणीचा. देवाच्या नारळाला कोण हात लावतंय?

काय?… पाटी लावलीय? वाचा बघू… झाडं, रोपं, बियाणं, माती… हं… आधी परवानगी घ्यायची… आन् तिकडच्या सरकारचा दाखला, रोग न्हाय म्हणून… आन् आणलंच असंल तर आपण होऊन सांगायचं. न्हाय तर?… जप्त. दंड पण?… पोलीस बोलवतात का वो? खरं सांगा. तुम्हाला आत तर न्हाय बसवणार?

अवो पण तो परदेशी झालाच कसा! आपल्याच विहिरीमागच्या माडाचा हाय, तुम्हीच उतरवलात. दिवाळीला रितेश घेऊन गेला. मलेशियात नुसता राहायला होता तो… कुंडीत ठेवला म्हणून काय झालं?… तिकडचं पाणी प्याला, तिकडच्या मातीत मुळं धरली… हे ते हितेश सांगतायत का तुम्हाला? त्यांना म्हणावं… न्हाय, काही म्हणू नका. फोन त्यांचा हाय.

थांबा, मध्येच काहीतरी वाजतंय… दुसरा फोन येतोय. जागृतीचा, सूनबाईचा… न्हाय उचलत मी. काय सांगू तिला? तुमचा नारळ कस्टमात अडकला म्हणून?… वाजू दे.

तुम्हाला कळत न्हाय वो. ज्या आठवड्यात कोंब दिसला त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. मागल्या खेपेला काय झालं ते विसरलात? तिसऱ्या महिन्यात गेलं. पोरगी तिकडं एकटी रडली आन् मी इथं व्हिडिओवर नुसती बघत बसले. म्हणून नवस बोलले. हा नारळ आपल्या वाडीत लागंल आन् ते पोर तिच्या पोटात टिकंल. बोलून बसले मी! खड्डा खणून ठेवलाय, तळाला मीठ टाकलंय. आता त्यांनी तो घेतला, तोडला, जाळला, तर?… म्हणा वेडी, काय म्हणायचं ते म्हणा. मला भीती वाटते.

पुन्हा वाजला. तिचाच हाय… ह्या वेळी ती दुपारची झोपलेली असते. दोनदा कशाला करतेय? काही झालं तर न्हाय ना वो?… न्हाय, मी न्हाय उचलत. हातच पुढं जात न्हाय. तुम्ही आधी नारळाचं बघा.

काय करता?… बॅग उघडलीत? बघा, कोंब मोडला तर न्हाय ना?… धड हाय? देव पावला. पान उमललंय?… हिरवंगार… मग काय?… काय म्हणालात? पांढरं?

कुठं पांढरं?… देठापाशी. खाली सालीवर पण… पीठ सांडल्यासारखं की कापसासारखं?… बोट लावून बघा. चिकटतंय?

…

थांबा, खिडकीपाशी आले मी.

न्हाय वो, रडत न्हाय. खिडकीतनं सोनाबाईची वाडी दिसतेय… आठवतं, ती पांढरी माशी आली तेव्हा? आधी तिच्या कुंपणापाशी एकाच माडाच्या झावळीखाली दिसलं होतं असंच. आपण हसलो. म्हटलं, पीठ कुणी शिंपडलं वर चढून. मग झावळ्या काळ्या पडल्या, चुलीवरच्या टोपासारख्या. आपल्याकडं पण आली. फवारून फवारून हात भरून आले, तरी वर्षभर माड धरेनात. लोक सांगत होते, ही माशी इथली न्हाय, बाहेरनं कुणाच्या तरी झाडाबरोबर आलीय. मी त्या आणणाऱ्याला काय काय शिव्या दिल्या होत्या… ऐकल्यात ना तुम्ही? सगळ्या वाडीनं ऐकल्या.

तीच असंल असं न्हाय, कबूल. दुसरं काहीतरी असंल. मग ते तर आणखी वाईट. त्याचं औषध तरी कुणाला म्हाईत असंल?… सोनाबाईच्या घरात त्या माडांशिवाय हाय काय? दोन पोरी त्याच्यावर वाढवल्या तिनं. काल खड्डा बघून गेली. म्हणाली, नूतन, लावशील तेव्हा हाक मार, मी हळदकुंकू घेऊन येते.

द्या.

द्या म्हणते त्यांना… व्हय, नीट ऐकलंत. त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही होऊन सांगा. मघाचं माझं काही ऐकू नका, जाकीट न् बिकीट… नवसाचं मी बघते. देवाला सांगते, बोल माझा होता, माझ्यावर घे, त्या पोरीवर नको… तुम्ही जा पुढं. फोन बंद करू नका.

…

…काय म्हणाले?… ओरडले न्हाय? सांगितलंत ते बरं केलंत म्हणाले?… पिशवीत बंद केला. मग काय करणार त्याचं?… जाळणार. बरं. नारळाला गुंडाळलेलं ते लाल फडकं पण देऊन टाका, त्याला पण लागलं असंल… तुम्ही पाया पडलात का त्याच्या?… साहेबासमोर कसली लाज! पडा. माझ्या वाटचं पण पडा… झालं?… बरं.

अवो, पुन्हा वाजतोय. तिसऱ्यांदा… आत्ताच जाळायचा म्हणाले आन् आत्ताच तिचा… मला न्हाय ऐकवणार वो. तुम्ही तरी… तुम्ही कसे उचलणार. व्हय. उचलते. हितेशना सांगा, लई उपकार झाले. ठेवा.

हॅलो?… जागृती? बोल ग, बोल. तू बरी हाय ना? आधी तेवढं सांग… पोटात दुखत-बिखत न्हाय ना?… सगळं नीट?… खरं सांगतेस? शपथ?… मग रडतेस कशाला, माझा जीव जातोय इथं!… हळू. एकेक सांग… नारळाची कुंडी उचललीस, मग?… शेजारच्या तुळशीला पण? पांढरं…

हं… हं… सकाळपासनं अप्पांना फोन लावतेस, लागत न्हाय त्यांचा… काय लावू नका?… नारळ?… अगं, मग मला सकाळीच सांगायचं!… मी काय म्हणीन?… अपशकुन म्हणीन, सूनबाईनं नवस मोडला म्हणीन… म्हणून इतका वेळ एकटी रडत बसलीस?

न्हाय आला ग नारळ. तिथंच दिला अप्पांनी, विमानतळावर. ते जाळणार हायत… मी सांगितलं द्यायला. व्हय, मीच… अगं खरंच मीच.

खड्डा राहू दे तसाच. त्या विहिरीमागच्या माडाला नारळ काय कमी हायत? तू ये बाळाला घेऊन, तू लाव… आता पूस डोळे. तुळस प्लास्टिकात घट्ट बांधून ठेव, रितेश आला की तिकडं विचारंल कुठं द्यायची ते. तू हात नको लावू… आन् ऐक. मघाशी दोनदा वाजला ना तुझा फोन?… न्हाय ग, कामात नव्हते. हातातच होता.

तुलाच घाबरले होते.