दोनशे रुपयांचं एक मिनिट

नाई ना जी, परत नाई भेटत. एकदा कोपरा फाडला का तिकीट तुमचं अन् पैसे कमिटीचे. मॅनेजरले बोलवा म्हणता, तं मॅनेजर म्हणजे माझे सासरे, तानबाजी — ते आत मैदानात टँकरचा पाइप धरून उभे असतीन, तेच अध्यक्ष अन् तेच मातीवर पाणी मारणारे. त्यायले बोलवाले मी आत जाऊ शकत नाई. काऊन म्हणजे? नाई जाऊ शकत, बस. तुम्ही त्या स्टुलावर बसा ना, उन्हात कायले उभ्या राहता? सिंदी मेघेवरून आल्या म्हणता, इतक्या दुरून येऊन अर्ध्यातून निघाल्या, तं बस येईपर्यंत तरी सावलीत बसा. मिस्टर आतच आहेत? हो, माणसं नाई निघत. माणसं धूळ खातीन, भांडतीन, पण शेवटपर्यंत बसतीन.

दोनशे जास्त आहेत का? आहेत. मीच विकून राह्यली अन् मीच सांगून राह्यली — जास्त आहेत. चार मोटरसायकली सुटतात, गोल गोल चार चकरा मारतात, एका मिनिटात खेळ खतम. मंग टँकर फिरते, ट्रॅक्टर माती सारखी करते, भोंग्यावर बियाण्याच्या दुकानाची जाहिरात, तुमचा चहा पिऊन होते, पोरायचं रडून होते, अन् मंग पुन्हा एक मिनिट. मागच्या रविवारी एक मास्तर याच खिडकीत हुज्जत घालत होते — म्हणे अख्ख्या दुपारीतून शर्यत काढली तं मंगलाष्टकांएवढी निघते, बाकी सारा मांडव. मी म्हटलं, सर, लग्नातही तसंच असते, मंगलाष्टकं थोडी अन् बसून राहणंच जास्त. ते हसले. त्यायले वाटलं मी गंमत केली. अन् खरं सांगू का, पाचशेवाल्यायले तरी काय जास्त भेटते? खुर्ची. माती तेवढीच. तुमच्या केसात पाहा, मागं — अजून थोडं — हां. ते फुकट आहे, त्याचे आम्ही घेत नाई.

पहिले हा पट, ही शर्यत म्हणा, बैलांची होती, ते तं तुमाले माहीत असन. सासऱ्यांची जोडी होती, हिंगणघाटात नाव होतं तिचं, घरात अजून ढाली टांगून आहेत. मंग मधात बंदी आली, बैल खुंट्याले अन् पोट्टे मोकळे — तं पोट्ट्यायनं याच मैदानात गाड्या फिरवणं सुरू केलं. बैल सरळ पळत, गाड्या गोल पळतात, तेही नुसत्या डावीकडं वळत. अन् ब्रेक नसते! हो, खरंच नसते, मिस्टरनं नाई सांगितलं तुमाले? वळणावर मागचं चाक घसरवाचं अन् डावा पाय मातीत घासत न्याचा, तोच ब्रेक. एका बुटाले लोखंडाचा तळ ठोकलेला असते त्यासाठी. मले कोणी सांगितलं? कोणी नाई. ऐकलं. आमच्या घरी बोलणं खूप होते हो, गाड्यायवर तं सकाळपासून होते — माझ्याशी होत नाई एवढंच.

बैलांचा पट आता पुन्हा सुरू झाला, पण गाड्यायचाही राह्यला, अन् रीत बैलांचीच राह्यली. जोडी सुटाच्या आधी घरची बाई ओवाळत असे ना, तसं आता गाडीले अन् गाडीवाल्याले ओवाळतात. हँडलले हळद-कुंकू, टाकीवर पाच बोटं, चाकासमोर नारळ. अन् घरात नवी सून आली असन तं सीझनचं पहिलं ओवाळणं तिचं. साऱ्या लोकायसमोर. नऊवारी नेसून, नथ घालून, त्या मातीत.

हो, मीच नवी सून. ओळखू येत नाई ना? या पत्र्याच्या खोलीत बसली का कोणीही जुनीच दिसते. माझं लग्न तुळशीच्या लग्नामागून झालं, अन् पुसाच्या महिन्यात पहिला पट. मधात दिवस किती? अन् त्यातले हे घरात किती? — नाव नाई घेत मी, भोंग्यावर येईनच आता. आमचं पार्ट्सचं दुकान आहे, जुन्या बस स्टँडच्या मागं, अन् दुकानाच्या मागं यायचं गॅरेज. मी उठाव तं हे गॅरेजमधी. जेवताना ताटाकडं पाहतात, झोपताना भिंतीकडं. वाईट नाईत हो, असं नका समजू. पीत नाई, शिवी नाई, माझ्या बाबायले पंप बिघडला तं रात्री जाऊन दुरुस्त करून दिला. फक्त लाजतात म्हणा, का सवय नाई म्हणा. यायची पाठ मी कोणत्याही गर्दीत ओळखन. पण ओवाळाचं समोरून असते.

चौघं रांगेत उभे. चौघायच्या अंगात बियाणेवाल्यानं दिलेलं सारखंच काळं जाकीट, डोक्याले हेल्मेट, काच खाली, काचेवर धूळ. आई — सासूबाई, सुलोचनाबाई — मागून म्हणाल्या, लाल हेल्मेट आपलं. आता मले काय माहीत का ते लाल यायले ढिलं होऊन राह्यलं होतं, म्हणून ऐनवेळी यायनं दोस्तासंग बदलून घेतलं? रोशन नावाचा दोस्त आहे यायचा, त्याचं पांढरं यायनं घातलं अन् यायचं लाल त्यानं. मी गेली लाल हेल्मेटसमोर. टिळा लावाचा तं कपाळ कुठं आहे? काचेवरच लावला. ओवाळाले लागली. अन् — हे मी कोणालेच नाई सांगितलं, आईलेही नाई, माझ्या आईले म्हणते मी — त्या काचेमागं डोळे दिसले. सरळ माझ्याकडं पाहत होते. अन् हसले. डोळ्याच्या कडेले बारीक सुरकुती पडते ना, तशी पडली. मले वाटलं, पाह्यलं बाप्पा. पाह्यलं एकदाचं. अंतरपाट दूर केला तेव्हाही यायनं फोटोवाल्याकडंच पाह्यलं होतं, अन् आज एवढ्या लोकायत, त्या आवाजात, हे मले पाहून राह्यले. होता तेवढा वेळ मी अजून ओवाळलं. लग्न झाल्यापासून इतकं बरं मले कधी वाटलं नव्हतं, खोटं कायले बोलू.

अन् मंग भोंगा — "वहिनी! ओ वहिनी! आपली गाडी बाजूले आहे!"

झालं. अख्खं मैदान. दोनशेवाले, पाचशेवाले, बाभळीवर चढलेले फुकटवाले, सारे. एक बाई तं हसता हसता खुर्चीवरून सरकली. त्या दिवशी साऱ्यायचे पैसे वसूल झाले, ताई, एकही माणूस या खिडकीत परत मागाले नाई आला. रोशन हसत होता तो गंमत वाटून, हे समजते आता मले. त्याचा दोष नाई. मी पुन्हा कुंकू घेऊन यायच्यासमोर गेली, पण तोपर्यंत झेंडा वर झालता, अन् यायनं तोंड समोर केलं ते केलंच. पहिल्याच वळणावर पडले. लागलं नाई काही, कोपर खरचटलं. पण आईनं धरलं ते धरलं — पहिलं ओवाळणं दुसऱ्याले गेलं, घरचं नशीब दुसऱ्याच्या गाडीवर बसवलं.

तेव्हापासून ही खिडकी, आईचाच हुकूम. "बी.ए. झालेली आहे, तिकिटं फाडन. पटाच्या दिवशी आत पाय नाई ठेवाचा." गेटावर ते पांढऱ्या मिशावाले बसले आहेत ना, ते आमचे चुलतसासरे, बाबाराव. तिकिटं पाहाले बसवले असं तुमाले वाटते. ते मले पाहाले बसवले आहेत.

अन् हे? हे काहीच बोलले नाई. तेच तं म्हणते मी. रागावले असते, ताट आपटलं असतं, तं मीही म्हटलं असतं का बाप्पा चुकली, तुमचं हेल्मेट बदलल्याचं सांगाचं तं होतं. आता काय होते — मी भाकर घेऊन समोर उभी असते, अन् हे आईले म्हणतात, "भाकर पाहिजे म्हणा." आई मले म्हणतात, "भाकर दे त्याले." भाकर माझ्या हातातच असते. मी वाढते. हे आईले म्हणतात, "पुरे म्हणा." हसा हसा, मलेही येते हसू, स्वयंपाकघरात जाऊन येते. यायले राग नाई आला, असं मले वाटते. यायले लाज वाटली. साऱ्या तालुक्याले समजलं ना, का या माणसाले याची बायको ओळखत नाई. अन् मी चुकली हे सारेच सांगतात, पण काऊन चुकली हे आजपर्यंत एकानं नाई विचारलं. तुम्हीही नाई विचारलं. नाई, बोल लावून नाई राह्यली मी, तुम्ही तं पैसे मागाले आल्या.

मले कंटाळा? नाई येत. गाड्या सुटल्या का खिडकीवर कोणी नसते, मी ऐकत बसते. पहिले नुसता कालवा वाटे, डोकं दुखे. मंग हळूहळू एक एक गाडी वेगळी ऐकू याले लागली. रोशनची मधातच फुटते, शिंकल्यासारखी. तो सावंगीवाला आहे एक, तो वळणाच्या लय आधी दम सोडते, भित्रा आहे. अन् हे — हे सोडतच नाई. साऱ्यायचा आवाज खाली येते अन् एक वरच राहते, वरच राहते, अन् मंग एकदम सोडतात, अन् लगेच पुन्हा धरतात. तसं कोणीच नाई करत. मागच्या खेपेले भोंगेवाल्यानं पुकारलं, "रोशन पहिला!" मी इथी एकटी बसून म्हटलं, नाई, हे आहेत. मोठ्यानं म्हटलं. अन् थोड्या वेळानं भोंगेवालाच म्हणे, माफ करा मंडळी, धुळीत चूक झाली, पहिला प्रफुल. पाहा — घेतलं नाव. जाऊ द्या. समोर उंच मचाणावर बसून त्याची चूक झाली, अन् पत्र्याआडून माझी नाई झाली. पण हे सांगाचं कोणाले? बाबारावायले ऐकू कमी येते.

यायले सांगाचं आहे. तेवढंच. आता लाल घाला, पांढरं घाला, का पोतं घाला, मी चुकत नाई. पण भाकरीच्या मधात हे आईमार्फत कसं सांगू? "हेल्मेटचं समजलं म्हणा"?

अन् उद्या माझा भाऊ येते, आदेश, अल्लीपूरवरून. मले न्याले. दोन-चार दिवस माहेरी जाऊन ये, असं आईच म्हणाल्या. चांगलंच आहे, हो. पण आमच्यात सून धाडली का परतीचा वार सांगूनच धाडतात — अमक्या वाराले आणाले येऊ, व्याह्यायले सांगजो. आईनं नवं पातळ काढून ठेवलं, लाडवायचा डबा भरला, साऱ्यायची नावं घेऊन सारं दिलं. वार नाई दिला. मी मेथी निवडता निवडता विचारलं, मंग घ्याले कधी येतीन? तं म्हणे, बघू. हे तिथंच बसले होते, मोबाइलमधी. यायनं म्हटलं असतं ना, सोमवारी, गुरुवारी, कधीही — वर न पाहता म्हटलं असतं तरी मले चाललं असतं. माझी बॅग तयार आहे. त्यात हिवाळ्याचे कपडे ठेवाचे का उन्हाळ्याचे, हे मले समजून नाई राह्यलं.

तुम्ही आत होत्या ना आतापर्यंत, मंग एक सांगा. सात नंबरची गाडी, ती यायची. शर्यत झाल्यावर हेल्मेट काढतात तेव्हा कसे दिसतात? हसतात का कोणासंग? इकडं गेटाकडं वगैरे — नाई, कायले पाहतीन. नाई लक्ष दिलं तुम्ही? बरोबर आहे, तुमाले कोणी वेगळे दिसले नसतीन. काळे जाकीटवाले सारे सारखेच.

ऐका — फायनल म्हणे. चार नावं. हां, आलं. सीझनचं शेवटचं आहे हे, यानंतर पुढच्या पुसापर्यंत टँकरही नाई अन् भोंगाही नाई. तुम्ही जा ना आत परत, तुमचं तिकीट चालते अजून. नको? पाय दुखतात. बरं.

थांबा जरा. हे पैसे पाहून घ्या, दोनशे, पेटीतले नाईत, माझ्या पाकिटातले आहेत — तुमचे नाई हो, तुमाले परत नाई भेटत, सांगितलं ना एकदा! एक फाडून राह्यली. माझ्यासाठी. हसता काय? माहीत आहे एक मिनिट आहे. गेटापासून तारेपर्यंत जाईपर्यंत त्यातली एक चक्कर जाईन, तेही माहीत आहे. तरी. बाबारावायले तिकीट दाखवन, तिकीटवाल्याले ते कसे अडवतीन? आई घरी बोलतीन. बोलू द्या, कोणी तं बोलन. मागच्या वळणावर तारेले टेकून उभी राहते, तिथी उशिरा सोडतात हे, बाकीचे मागं पडले का दिसतातच.

अन् धुळीत एवढ्या बायायमधी यायनंच मले नाई ओळखलं तं?

तं फिटंफाट. सरका जी, फळी ओढते. खिडकी बंद.